पिकांच्या जनुकसंचाचे मोजमाप आणि ऊस बागायतदार

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस कळंबा हे गाव आहे. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी अडवून एकोणिसाव्या शतकात येथे तलाव बांधण्यात आला आणि त्याचे पाणी शहरास मिळू लागले. आज शहराची वस्ती या गावास येऊन भिडली आहे. तरीही भोवतालच्या करवीर तालुक्यात ऊस हेच बागायतदाराचे मुख्य पीक असून, कारखान्याच्या उसाबरोबर गुऱ्हाळाचा ऊसही येथे पिकतो.

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यास बेणे निवडताना एकदाच विचार करता येतो. लावण आणि त्यामागून एक-दोन खोडवे, असा दोन-तीन वर्षांचा पसारा त्या एका निवडीवर अवलंबून असतो. बेणे चुकले तर खत, पाणी व मजुरी यांचा खर्च होऊनही एकरी टनेज मिळत नाही. हे ध्यानी घेता, 'आमच्या बेण्यात गुणसूत्रे अधिक आहेत', 'हा वाण दुप्पट संचाचा आहे' असे सांगून चढ्या दराने बेणे विकू पाहणाऱ्याचे बोलणे कितपत ग्राह्य धरावे, हा केवळ शास्त्रीय कुतूहलाचा प्रश्न राहत नाही. तसेच 'वाण उतरला, त्यातले गुण झिजले' अशी जी समजूत गावोगाव ऐकू येते, तिच्यात तथ्य किती, हेही पाहणे अगत्याचे आहे. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वनस्पतींच्या जनुकसंचाचे मोजमाप कसे करतात आणि त्यांची परस्परांशी तुलना कशी करतात, हे समजून घेतल्यास आपोआप मिळतात.

जनुकसंच म्हणजे काय?

झाडाचे पान, मूळ, कांडे हे सर्व अतिसूक्ष्म पेशींचे बनलेले असते. बहुतेक प्रत्येक पेशीत एक केंद्रक असते व केंद्रकात गुणसूत्रे असतात. गुणसूत्र म्हणजे डीएनए या द्रव्याचा गुंडाळून ठेवलेला लांबलचक धागा. हा धागा पिळलेल्या दोरीच्या शिडीसारखा असतो. शिडीला जशा पायऱ्या, तशा या धाग्यालाही पायऱ्या असतात व त्यांच्या क्रमात त्या झाडाच्या सर्व गुणधर्मांची माहिती साठविलेली असते. पायऱ्यांच्या ज्या तुकड्यात एखाद्या गुणासंबंधीची सूचना असते त्यास जनुक म्हणतात. एका पूर्ण संचातील सर्व धागे मिळून जो होतो तो जनुकसंच होय.

जनुकसंचाचा आकार दोन प्रकारांनी सांगतात. एक, डीएनएचे वजन. आणि दुसरा, पायऱ्यांची संख्या. वजन पिकोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम डीएनएमध्ये सुमारे ९७.८ कोटी पायऱ्या मावतात. म्हणजे वजन कळले की पायऱ्यांची संख्या कळते, ज्याप्रमाणे गुळाच्या एका रव्याचे वजन ठाऊक असल्यास गाडीच्या वजनावरून रव्यांची संख्या काढता येते.

हे धागे किती लांब असतात याची कल्पना एका हिशेबाने येईल. लागवडीखालील उसाच्या एका पेशीत सुमारे १,००० कोटी पायऱ्या असतात. ते सर्व धागे उलगडून एकास एक जोडले तर लांबी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे अकरा फुटांच्या आसपास भरेल. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पेशीत उभ्या उसाएवढ्या लांबीचा धागा सामावलेला असतो.

मोजमाप कसे करतात?

डीएनएचे मोजमाप प्रथम रंगाच्या साहाय्याने होऊ लागले. १९२४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट फॉयल्गेन यांनी डीएनएलाच तेवढा किरमिजी रंग चढविणारी रंजनपद्धती प्रसिद्ध केली. केंद्रकात डीएनए जितके अधिक तितका रंग गडद. सूक्ष्मदर्शकातून प्रकाश सोडून तो त्या रंगात किती शोषला जातो हे मोजले की डीएनएचा अंदाज येतो. १९५० मध्ये ह्यूसन स्विफ्ट यांनी एका एकेरी संचातील डीएनएच्या प्रमाणास 'सी' हे अक्षर योजिले. तेव्हापासून एकेरी संचास '१ सी' व दुहेरीस '२ सी' म्हणण्याचा प्रघात आहे.

आज या कामी मुख्यतः फ्लो सायटोमीटर हे यंत्र वापरतात. वनस्पतींच्या बाबतीत त्याची सोपी रीत १९८३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिली. झाडाचे ताजे, कोवळे पान एका द्रावणात ठेवून धारदार पात्याने बारीक चिरतात. त्यायोगे पेशी फुटून केंद्रके द्रावणात मोकळी होतात. द्रावण गाळून त्यात डीएनएला चिकटणारा व प्रकाशात चमकणारा रंग मिसळतात. मग एकामागून एक अशी केंद्रके एका किरणासमोरून वाहू देतात. प्रत्येक केंद्रक किती चमकले याची नोंद यंत्र करते. थोड्याच वेळात हजारो केंद्रकांची मोजदाद होते.

परंतु यंत्र केवळ चमक सांगते, वजन सांगत नाही. तराजूच्या एका पारड्यात माप ठेवल्याशिवाय दुसऱ्या पारड्यातील मालाचे वजन कळत नाही, तसेच येथेही आहे. याकरिता ज्याचा डीएनए आधीच काटेकोरपणे ठरविलेला आहे अशा एखाद्या झाडाचे पान तपासावयाच्या पानाबरोबरच चिरतात. अशा प्रमाण-झाडांत वाटाणा, टोमॅटो, मका, सोयाबीन, मुळा इत्यादींच्या ठराविक जाती आहेत. प्रमाण मानलेल्या वाटाण्याच्या दुहेरी संचात ९.०९ पिकोग्रॅम, तर सोयाबीनच्या दुहेरी संचात २.५० पिकोग्रॅम डीएनए धरतात.

एक उदाहरण घेऊ. ज्वारी व सोयाबीन यांची पाने एकत्र चिरून तपासली असता सोयाबीनच्या केंद्रकांची चमक यंत्रावर १०० आली व ज्वारीची ६० आली, असे समजू. सोयाबीनचे १०० म्हणजे २.५० पिकोग्रॅम; म्हणून ज्वारीचे ६० म्हणजे १.५० पिकोग्रॅम. हा दुहेरी संच झाला. एकेरी संच त्याच्या निम्मा, म्हणजे ०.७५ पिकोग्रॅम. त्यास ९७.८ कोटींनी गुणले की सुमारे ७३ कोटी पायऱ्या येतात. ज्वारीच्या जनुकसंचाचा आकार एवढाच आहे.

या कामात काही पथ्ये पाळावी लागतात. पान शिळे असल्यास केंद्रके बिघडतात. काही झाडांच्या रसातील तुरट द्रव्ये रंगास डीएनएपर्यंत नीट पोहोचू देत नाहीत व आकडा खरा असेल त्याहून कमी येतो. प्रमाण-झाड व तपासावयाचे झाड यांच्या आकारांत फार अंतर असले तरी चूक वाढते. म्हणूनच एकच मोजणी ग्राह्य न धरता निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या झाडांवर मोजणी करून सरासरी काढतात.

अलीकडे दुसरीही एक रीत प्रचारात आली आहे. डीएनएच्या पायऱ्या वाचण्याची यंत्रे धाग्याचे असंख्य लहान तुकडे वाचून देतात. सारख्या लांबीचे तुकडे पाडून एकेक तुकडा सरासरी किती वेळा आला ते मोजतात. समजा, एकंदर वाचन १,४६० कोटी पायऱ्यांचे झाले व प्रत्येक भाग सरासरी २० वेळा वाचला गेला. तर संच ७३ कोटींचा आहे असा निष्कर्ष निघतो. रंग व वाचन या दोन्ही वाटांनी आलेले आकडे जुळले म्हणजे मोजमापावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

आपल्या पिकांची तुलना

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या परिचयाच्या काही पिकांचे आकडे पुढे दिले आहेत. प्रथम पेशीतील गुणसूत्रांची संख्या व नंतर एकेरी संचातील पायऱ्या, असा क्रम आहे. पायऱ्यांचे आकडे स्थूलमानाने समजावेत.

भात : गुणसूत्रे २४; सुमारे ४० कोटी
ज्वारी : गुणसूत्रे २०; सुमारे ७३ कोटी
हरभरा : गुणसूत्रे १६, सुमारे ७४ कोटी
तूर : गुणसूत्रे २२, सुमारे ८३ कोटी
सोयाबीन : गुणसूत्रे ४०, सुमारे ११० कोटी
मका : गुणसूत्रे २०, सुमारे २३० कोटी
भुईमूग : गुणसूत्रे ४०, सुमारे २७० कोटी
गहू : गुणसूत्रे ४२, सुमारे १,६०० कोटी
कांदा : गुणसूत्रे १६, सुमारे १,६०० कोटी

हे कोष्टक लक्षपूर्वक पाहिल्यास तीन गोष्टी नजरेस येतात. पहिली, गुणसूत्रांच्या संख्येवरून जनुकसंचाचा आकार सांगता येत नाही. ज्वारी व मका या दोहोंत गुणसूत्रे वीसच. पण मक्याचा संच ज्वारीच्या तिप्पट. हरभरा व कांदा या दोहोंत सोळाच. पण कांद्याचा संच हरभऱ्याच्या वीसपटीहून मोठा. दुसरी, आकारावरून पिकाची योग्यता ठरत नाही. कोट्यवधी लोकांचे अन्न असलेला भात यादीत सर्वांत लहान आहे आणि कांदा त्याच्या चाळीसपट आहे. परंतु यावरून कांदा हे भातापेक्षा अधिक प्रगत पीक आहे असे कोणी म्हणणार नाही. तिसरी, जनुकांची संख्या आकाराच्या प्रमाणात वाढत नाही. भात, ज्वारी व मका या तिन्हींत जनुके साधारणपणे तीस ते चाळीस हजारच आहेत.

सपुष्प वनस्पतींच्या साऱ्या सृष्टीकडे पाहिले तर हे अंतर आणखी थक्क करणारे आहे. जेन्लिसिया नावाच्या, कीटक धरून खाणाऱ्या एका लहानशा वनस्पतीचा संच अवघा ६ कोटी पायऱ्यांचा आहे. पावसाळ्यात कासच्या पठारावर जांभळी दुलई पसरणारी 'सीतेची आसवे' ही वनस्पती त्याच कुळातील होय. उलटपक्षी, जपानमधील पॅरिस जॅपोनिका या संथ वाढणाऱ्या वनस्पतीचा संच सुमारे १४,९०० कोटी पायऱ्यांचा असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे एक दुसरीच्या दोन हजारपटींहून मोठी. इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पती उद्यानाने अशा मोजमापांची नोंदवही ठेवली असून तीत दहा हजारांहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे.

आकार लहानमोठा का होतो?

यास मुख्यतः दोन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे स्वतःच्या नकला करून धाग्यात इतरत्र जाऊन बसणारे डीएनएचे तुकडे. अशा फिरत्या तुकड्यांचा शोध अमेरिकेतील बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरील रंगांच्या अभ्यासातून लावला व त्याबद्दल १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मक्याच्या संचाचा सुमारे ८५ टक्के भाग अशा तुकड्यांनी व त्यांच्या अवशेषांनी व्यापलेला आहे. एखाद्या दप्तरात मूळ कागद थोडे व त्यांच्या नकलांच्या थप्प्या फार असाव्यात, तशातला हा प्रकार आहे. दप्तर जाड दिसले म्हणून त्यात माहिती अधिक असतेच असे नाही.

दुसरे कारण म्हणजे संपूर्ण संचाची पुनरावृत्ती किंवा दोन निराळ्या संचांचा मिलाफ. कापूस हे याचे ठळक उदाहरण होय. देशी कापसात गुणसूत्रे २६ असून एकेरी संच सुमारे १७० कोटींचा आहे. अमेरिकन कापसात गुणसूत्रे ५२, म्हणजे बरोबर दुप्पट आहेत. परंतु संच ३४० कोटींचा नसून सुमारे २४० कोटींचा आहे. असे का व्हावे? याचे कारण, अमेरिकन कापूस हा देशी कापसाच्या नात्यातील एक मोठा संच व अमेरिका खंडातील रानटी कापसाचा सुमारे निम्म्या आकाराचा एक संच, या दोहोंच्या मिलाफातून फार पूर्वी निर्माण झालेला आहे. १७० व सुमारे ८८ यांची बेरीज केली असता आपण २४० च्या जवळपास येतो. अशा रीतीने मोजमापाच्या साध्या बेरीज-वजाबाकीतून पिकाची वंशावळ उलगडते. देशी व अमेरिकन यांचा सरळ संकर सामान्यतः वांझ का निघतो, हेही यावरून कळते. कारण अशा संकरात २६ व ५२ यांच्या निम्म्याची बेरीज, म्हणजे ३९ गुणसूत्रे येतात व त्यांच्या नीट जोड्या लागत नाहीत.

उसाची कहाणी

आता ज्या पिकासाठी हा सारा विचार करावयाचा त्या उसाकडे वळू. उसाचा जनुकसंच हा लागवडीखालील पिकांमध्ये सर्वांत गुंतागुंतीच्या संचांपैकी एक आहे आणि त्या गुंतागुंतीची सुरुवात भारतातच झाली आहे.

कोइमतूर येथे १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र स्थापन झाले. तेथे सी. ए. बार्बर व टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, रसाळ अशा उसाचा रानऊसाशी संकर केला. जाड उसात साखर भरपूर, पण रोग व थंडी यांपुढे तो टिकाव धरीत नसे. रानऊस काटक, पण त्यात साखर नाही. या संकरातून निघालेली को २०५ ही जात १९१८ मध्ये प्रसारित झाली आणि पुढील 'को' जातींच्या परंपरेचा पाया घातला गेला.

या संकरात एक विलक्षण गोष्ट घडते. सामान्यतः आई व बाप दोघेही आपापल्या संचाचा निम्मा भाग संततीस देतात. जाड उसात गुणसूत्रे ८० असतात आणि कोइमतूरच्या रानऊसात ६४. नेहमीच्या नियमाने संततीत ४० अधिक ३२, म्हणजे ७२ गुणसूत्रे यावयास हवीत. प्रत्यक्षात जाड ऊस आई असता ती आपली सर्व ८० गुणसूत्रे देते व बाप ३२ देतो. म्हणून संततीत ११२ येतात. त्यानंतर पुन्हा पुन्हा जाड उसाशी संकर करून साखरेचे प्रमाण वाढविण्यात आले. परिणामी आजच्या जातींत साधारणपणे १०० ते १३० गुणसूत्रे असतात. त्यांपैकी बहुतांश जाड उसाची, थोडी रानऊसाची आणि काही दोहोंचे तुकडे जोडून झालेली असतात.

कोइमतूर येथे १९३४ पासून काही वर्षे डॉ. ई. के. जानकी अम्माळ यांनी उसाच्या व त्याच्या सोयऱ्या गवतांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. उसाचा मक्याशी झालेला संकरही त्यांनी अभ्यासला. पुढे सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासमवेत त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रसंख्यांचा कोश १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली शंभराहून अधिक बारीक गुणसूत्रे एकेक करून मोजणे किती चिकाटीचे काम असेल याची कल्पनाच केलेली बरी.

उसाच्या पेशीतील एकंदर डीएनए १,००० कोटी पायऱ्यांच्या घरात असला तरी त्याचा मूळ संच ८० ते १०० कोटी पायऱ्यांचाच आहे. म्हणजे आपल्या ज्वारीहून थोडाच मोठा. ज्वारी ही उसाची जवळची नातेवाईक असल्याने हे सयुक्तिकच आहे. फरक एवढाच की, ज्वारीच्या पेशीत या संचाच्या दोन प्रती असतात, तर उसाच्या पेशीत दहा-बारा प्रती असतात व त्याही परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. ज्वारीचा संच २००९ मध्ये वाचून झाला. उसाच्या लागवडीखालील जातीचा संच मात्र सविस्तर वाचून प्रसिद्ध होण्यास २०२४ साल उजाडले. आर ५७० या जातीवर झालेल्या त्या कामात तपकिरी तांबेऱ्यास टिकाऊ प्रतिकार देणाऱ्या जनुकांचा ठावठिकाणा लागला. कोल्हापूर, सांगली भागात तांबेरा पडलेले फड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या शोधाचे मोल वेगळे सांगावयास नको.

तुलनेतील एक फसगत

वरील कोष्टकात उसाचे नाव मुद्दामच घातलेले नाही. गव्हाचा आकडा १,६०० कोटी हा एकेरी संचाचा आहे. गव्हाच्या पानातील पेशीत प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट डीएनए असतो. उसाचा १,००० कोटी हा आकडा मात्र पेशीतील सर्व गुणसूत्रांचा मिळून आहे. हे दोन आकडे तसेच शेजारी मांडून तुलना केली तर ती पाऊणशे किलोचे पोते व पन्नास किलोचे पोते एकाच संख्येने मोजण्यासारखी चुकीची होईल. यास्तव कोणताही आकडा वाचताना तो एकेरी संचाचा, सर्व पेशीचा, की मूळ संचाचा, हे प्रथम विचारून घ्यावे. आकड्यामागचे माप न सांगता केवळ मोठा आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहणे हे बाजारात जितके आवश्यक, तितकेच येथेही आवश्यक आहे.

अधिक गुणसूत्रे म्हणजे अधिक टनेज काय?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. संच वाढला की पेशीचा आकार सामान्यतः वाढतो व काही पिकांत पाने, फुले किंवा फळे मोठी होतात, हे खरे आहे. तिहेरी संचाची केळी व बिनबियांचे कलिंगड ही त्याची परिचित उदाहरणे होत. परंतु मोठ्या संचाच्या पेशीस विभागण्यास वेळ अधिक लागतो, आणि डीएनए बनविण्यास नत्र व स्फुरदही लागते. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८५६ पासून चालू असलेल्या गवती कुरणाच्या प्रयोगात असे आढळले की, नत्र व स्फुरद भरपूर मिळालेल्या वाफ्यांत मोठ्या संचाच्या बहुगुणित वनस्पतींचा भरणा अधिक होतो व त्यांच्या अभावी लहान संचाच्या वनस्पतींची सरशी होते. तो प्रयोग निरनिराळ्या रानवनस्पतींवरचा आहे. त्यावरून उसाच्या खतमात्रेत फेरफार करणे योग्य होणार नाही. परंतु संच वाढला म्हणजे केवळ लाभच होतो असे नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

उसाच्या जातींतच पाहिले तर सर्वांत शंभराहून अधिक गुणसूत्रे आहेतच. चारदोन गुणसूत्रे इकडेतिकडे असल्याने टनेज वा साखर उतारा ठरत नाही. कोणत्या जनुकांच्या कोणत्या प्रती एकत्र आल्या यावर तो ठरतो. हे पारखण्यास शेतावरील चाचणीवाचून गत्यंतर नाही. को ८६०३२ ही जात को ६२१९८ व को.सी. ६७१ यांच्या संकरातून निघाली, तेव्हा त्याच संकराच्या बियांतून उगवलेली इतर असंख्य रोपे कमअस्सल म्हणून टाकून द्यावी लागली. पाडेगाव येथील मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र व कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र यांसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे चाचण्या घेऊनच जातीची शिफारस होते ती याचसाठी. संचाचे वजन करून हे काम टळत नाही. ते थोडे हलके मात्र होते. संकर खरा झाला की नाही, ऊतिसंवर्धनाने केलेली रोपे एकसारखी आहेत की नाही, हे पैदासकारास या मोजमापाने लवकर कळते.

वाण उतरतो म्हणजे काय होते?

तुऱ्यातील बी पेरले तर प्रत्येक रोप निराळे निघते. कारण शंभराहून अधिक गुणसूत्रांची प्रत्येक वेळी नवी वाटणी होते. टिपरीने लावण केल्यास मात्र डोळ्यातून येणाऱ्या कोंबात मूळ उसाचाच संच उतरतो. लावणीमागून लावणी झाल्या म्हणून गुणसूत्रे झिजत नाहीत. मग जुना वाण उतरलेला का दिसतो? याचे कारण बहुधा रोग हे असते. गवताळ वाढ, काणी, खोडव्यातील खुजेपणा यांसारखे रोग टिपरीबरोबर एका लावणीतून दुसऱ्या लावणीत जातात व साचत राहतात. कधी निरनिराळ्या जातींची भेसळही झालेली असते. दोष वाणाच्या जनुकसंचात नसून बेण्याच्या आरोग्यात असतो. हे कळल्यावर उपायही बदलतो. वाण टाकून देण्याऐवजी त्याच वाणाचे निरोगी, शुद्ध बेणे आणले असता पुष्कळ वेळा पीक पूर्ववत साधते.

शाळेत व मेळाव्यात दाखविण्याजोगे प्रयोग

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी माध्यमिक शाळेतील सूक्ष्मदर्शकाचा उपयोग करून हा विषय प्रत्यक्ष दाखवावा. पाण्याने भरलेल्या पेल्यावर कांदा ठेवला असता दोन-तीन दिवसांत मुळ्या फुटतात. त्यांची टोके सकाळी कापून, शिक्षकांच्या देखरेखीखाली रंग देऊन काचपट्टीवर हलकेच दाबली म्हणजे पेशीतील गुणसूत्रे दिसू शकतात. कांद्याचा संच मोठा व गुणसूत्रे केवळ सोळा असल्याने ती ठसठशीत दिसतात. शाळांतून या प्रयोगासाठी कांदाच का घेतात, याचे उत्तर वरील कोष्टकात आहे.

दुसरा प्रयोग पानावरील रंध्रांचा. पानाच्या खालच्या बाजूस नखांना लावण्याचा बिनरंगी रंग पातळसा लावून तो वाळू द्यावा. चिकटपट्टीने तो अलगद सोलून काचपट्टीवर लावला की रंध्रांचा ठसा दिसतो. एकाच पिकाच्या साध्या व वाढीव संचाच्या झाडांत तुलना केल्यास वाढीव संचाची रंध्रे सामान्यतः मोठी व विरळ आढळतात. पाने मात्र सारख्या वयाची व सारख्या पाण्यावरची घ्यावीत. कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात पश्चिम घाटातील रानकांदा, मुसळी यांसारख्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास झालेला आहे. जिज्ञासू विद्यार्थ्यांस हे दालन जवळच उघडे आहे.

शेतकऱ्याने काय ध्यानात ठेवावे?

१. गुणसूत्रांची संख्या किंवा 'दुप्पट संच' सांगून विकल्या जाणाऱ्या बेण्यास केवळ त्या कारणाने जादा दर देऊ नये. जात शिफारस केलेली आहे काय, आणि ती आपल्या हंगामास व जमिनीस योग्य आहे काय, हे विचारावे.

२. बेणे दहा ते अकरा महिन्यांचे, निरोगी व भेसळरहित असावे. खोडव्याचा ऊस बेण्यासाठी वापरू नये.

३. बेणेमळा त्रिस्तरीय पद्धतीने तयार झालेला, म्हणजे मूलभूत, पायाभूत व प्रमाणित या क्रमाने आलेला असावा. आणि साधारणतः तीन वर्षांनी बेणे बदलावे.

४. गवताळ वाढीची किंवा काणीची बेटे दिसताच मुळासह काढून नष्ट करावीत.

५. नव्या जातीची परीक्षा प्रथम थोड्या क्षेत्रावर, आपल्या नेहमीच्या जातीशेजारी लावून करावी व वजनकाट्यावरचा आकडा नोंदून ठेवावा.

प्रयोगशाळेतील यंत्र पेशीतील डीएनएचे वजन अचूक सांगेल; परंतु कळंब्याच्या शिवारातील उसाचे वजन शेवटी गाडी काट्यावर चढली म्हणजेच कळेल. पहिल्या वजनाचा उपयोग पैदासकाराने करावयाचा आहे, दुसऱ्याचा बागायतदाराने. दोघांनीही आपापले माप नीट ओळखले, तर पैदासकाराची वर्षानुवर्षांची मेहनत व शेतकऱ्याचा तीन वर्षांचा खर्च, दोन्ही सार्थकी लागतील.